येरकाडमधली चाळीस मिनिटं

सुट्टीत फिरायला जाणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग येतो. घरी सगळं व्यवस्थित असताना पाच-सहा तास गाडी हाकायची, दुसऱ्या गावातल्या गर्दीत जाऊन उभं राहायचं, तिथली भजी खायची आणि परत यायचं, यात काय मजा आहे हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पण गेल्या दसऱ्याला मी तमिळनाडूतल्या डोंगरावरच्या येरकाडला गेलो. आणि तिथं, मोजून चाळीस मिनिटं, मला खरोखर मजा आली. ती मी कशी मिळवली, एवढंच सांगायचं आहे.

आम्ही राहतो बंगळुरात, सर्जापूर रोडला, कारण सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, ऑफिस तिथून जवळ आहे. माझी नोकरी पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. त्या दसऱ्याच्या आदल्या दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून इथं आलो, तेव्हापासून माझं निम्मं आयुष्य रिंग रोडवर जातं. मी सुपरवायझर आहे ती शेड रघुपतीअण्णांची. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि मराठी अजून सोडलेली नाही, हे ते प्रत्येक नव्या माणसाला अभिमानानं सांगतात. ज्या मराठीत सांगतात तिच्यातलं मला पहिले दोन महिने अर्धंच कळायचं.

शेडमध्ये चार प्रेस. पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, पायडल दाबायचं, वरून पन्नास टन खाली येतात, ब्रॅकेट तयार. हात वेळेत बाहेर आला पाहिजे, एवढीच अट. मी आलो तेव्हा चारही प्रेस उघड्या होत्या. भोसरीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला हे बघवणं शक्य नव्हतं. मी अण्णांच्या मागे लागून पहिल्यांदा तीन नंबरच्या प्रेसला समोरून जाळीचं दार बसवून घेतलं. दाराला एक स्विच असतो. दार उघडं असेल तर पायडल कितीही दाबा, प्रेस खाली येत नाही. दार बंद, मगच स्ट्रोक.

तीन नंबरवर देवाप्पा. निपाणीकडचा, पन्नाशीचा माणूस, चोवीस वर्षं प्रेसवर आणि हाताची दहाच्या दहा बोटं जागेवर. आमच्या धंद्यात ही पदवीच समजा. त्याचं गुपित म्हणजे भीती. हात आत घालायच्या आधी तो प्रत्येक वेळी पाय पायडलवरून उचलून मागे घ्यायचा, दिवसातून दोन हजार वेळा. मी त्याला म्हटलं, देवाप्पा, आता ही कसरत सोडा. दार उघडं असलं की ती खाली येणारच नाही, पाय ठेवा तिथंच. त्याला पटायला तीन आठवडे लागले. मग त्याचा पाय पायडलवर राहू लागला, तो नुसतं दार उघडायचा नि लावायचा, आणि त्याचे जॉब दिवसाला चारशेनं वाढले. अण्णा माझ्यावर बेहद्द खूश झाले. मीही स्वतःवर झालो.

ऑगस्टमध्ये अण्णांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलानं, श्रीवत्सनं, त्या दाराचा स्विच वायर लावून शॉर्ट केला, म्हणजे दार उघडं असलं तरी प्रेस खाली यायला मोकळी. दार उघडझाप करायचा कंटाळा, दुसरं काही नाही. मी पकडलं. पकडून गप्प बसलो असतो तर मी कसला. सगळ्या शेडला गोळा केलं, ती वायर हातात धरून अर्धा तास बोललो, आणि कन्नड, हिंदी, इंग्रजीत सूचना लावली: स्विचला वायर लावणाऱ्याला या शेडमध्ये जागा नाही, मग तो कुणीही असो. 'कुणीही' हा शब्द मी अण्णांकडे बघून लिहिला होता. अण्णांनी भाच्याला घरी पाठवलं. त्या दिवशी त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. इथं आल्यापासूनची माझी पहिलीच. आमच्या भोसरीच्या कारखान्यात यंत्रांची पूजा दसऱ्याच्याच सकाळी व्हायची, आणि तो अख्खा दिवस यंत्राला हात लावायचा नाही, असा रिवाज. इथं आदल्या दिवशी. शेड धुऊन काढली होती, दाराशी केळीचे खुंट, प्रत्येक प्रेसवर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूचे हार. कामगारांची बायकापोरं नटून आलेली. श्रीवत्सही मामाच्या पाया पडायला आला होता आणि माझी नजर चुकवून बाहेर कोहळा फोडायच्या घोळक्यात उभा होता. सुनंदा आणि आमची नऊ वर्षांची मुलगी सिद्धी परस्पर तिथंच आल्या होत्या, कारण पूजा आटोपली की आम्ही थेट येरकाडला निघणार होतो. बॅगा डिकीत होत्या.

अण्णांकडे वडिलांच्या वेळेपासूनची एक पद्धत. प्रत्येक प्रेसच्या डायवर एक लिंबू ठेवायचं आणि एक स्ट्रोक मारून ते फोडायचं. एक, दोन आणि चारची लिंबं फुटली. तीन नंबरचं जाळीचं दार रंगवायला काढलेलं, ते भिंतीला टेकवून त्यालाही हार घातलेला. दार नाही म्हणजे स्विच नाही, म्हणजे स्ट्रोक नाही. भटजी थांबले. अण्णा माझ्याकडे वळले.

"उल्हास, स्वल्प काहीतरी करा की. एकच स्ट्रोक. तीन नंबरचं लिंबू राहिलं तर माझ्या जिवाला बरं नाही वाटणार."

मी केलं. प्रेसच्या मागच्या बाजूला जाऊन पॅनेल उघडलं, वीतभर लाल वायर घेतली आणि स्विच शॉर्ट केला. लिंबू फुटलं, रस सिद्धीच्या फ्रॉकवर उडाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कामगारांनी दार परत जागेवर चढवलं. मी वायर काढायला पॅनेलपाशी गेलो तर सिद्धी कडलेपुरीची, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांची, पुडी घेऊन तिथं आली आणि माझा हात ओढायला लागली. दारात सुनंदा घड्याळाकडे बोट दाखवत होती. घाटात अंधार व्हायला नको, हे ती सकाळपासून चौथ्यांदा सांगत होती. मी पॅनेलचं दार लावलं आणि निघालो. वायर आतच राहिली.

मी विसरलो, असं म्हणणं सोयीचं आहे. खरं तर बोम्मसंद्रा मागे पडलं, होसूर गेलं आणि कृष्णगिरीच्या टोलनाक्यावर रांगेत उभा असताना मला सगळं लख्ख आठवलं. मग मी हिशेब केला. उद्या दसरा, शेड बंद. परवा सकाळी सातला सगळ्यांच्या आधी मी तिथं असणार. पॅनेल उघडायला अर्धं मिनिट पुरे. कुणाला कळायचं कारणच नाही. दसऱ्याला इथं शेड बंद असते का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं मनातही आलं नाही. यंत्राची पूजा झाली की यंत्र विश्रांती घेतं, हे मला सूर्य उगवतो इतकं पक्कं माहीत होतं.

घाट चढताना सिद्धी वळणांवरच्या पाट्यांचे आकडे मोठ्यानं वाचत होती. वीस वळणं. वर पोचेपर्यंत धुकं उतरलं होतं आणि पाच हातांपलीकडचं दिसत नव्हतं. कॉफीच्या मळ्यातली खोली, मिरीचे वेल चढलेली उंच झाडं, गार हवा. सुनंदानं शाल गुंडाळली आणि व्हरांड्यात बसून म्हणाली, "इथं कशाचाच आवाज नाही, ऐकलंस का?" मी ऐकलं. मला ते आवडलं नाही. शेडमध्ये आवाज थांबला की आम्ही सगळे मान वर करून बघतो की काय झालं.

सकाळी धुकं विरलं आणि गाव दिसलं. मधोमध तळं, भोवती डोंगर, काठाला झाडांची रांग, पाण्यात एक कारंजं. मान्य करतो, सुंदर होतं. दसऱ्याची गर्दी होती, निम्मी गर्दी आमच्यासारखीच बंगळुरूहून आलेली. आम्ही वल्ह्याची होडी घेतली. होडीवाला तमिळमध्ये काहीतरी सांगत होता आणि सिद्धी सगळं कळल्यासारखी मान हलवत होती. तळ्याच्या मध्यावर आलो तेव्हा खिशात फोन थरथरला.

शेडच्या ग्रुपवर अण्णांचा फोटो होता. "विजयदशमीच्या शुभेच्छा. शुभ मुहूर्तावर कामाचा आरंभ." फोटोत तीन नंबरची प्रेस, हार अजून तसाच, आणि तिच्यासमोर नव्या पांढऱ्या शर्टात देवाप्पा, हात जोडून. पायाशी तयार ब्रॅकेटची पेटी अर्धी भरलेली. खाली श्रीवत्सच्या आईचा हात जोडल्याचा इमोजी, चार-पाच जणांची फुलं, आणि अण्णांचा आणखी एक निरोप: पाचशे जॉब आज देवाप्पाच्या हातून, आमच्या वडिलांच्या काळापासून दसऱ्याचं पहिलं काम ठेवतो तसं.

मी तो निरोप तीनदा वाचला. आदल्या दिवशी यंत्र ठेवायचं आणि दसऱ्याला मुहूर्तावर परत हाती घ्यायचं, अशी ती पद्धत होती. शेडमधल्या प्रत्येक माणसाला ती माहीत होती. इतकी माहीत की मला सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती.

"काय रे?" सुनंदा म्हणाली.

"काही नाही. अण्णांच्या शुभेच्छा."

फोटो मोठा करून बघितला. जाळीचं दार चढवलेलं, नवा हिरवा रंग. बघणाऱ्याला ती बंगळुरातली सगळ्यात सुरक्षित प्रेस वाटली असती. आणि देवाप्पा दार उघडून, पाय पायडलवर ठेवून, निर्धास्त हात आत घालत असणार. मीच शिकवलं होतं. नुसता पाय जरा दाबला गेला, शिंक आली, कुणी हाक मारली म्हणून वजन त्या पायावर गेलं, की झालं. होडीवाल्याला परत फिरव म्हटलं तर सिद्धी रडकुंडीला आली, कारण अजून कारंज्यापाशी गेलो नव्हतो. मी कारंज्यापर्यंत जाऊ दिलं. हेही सांगितलं पाहिजे.

काठावर उतरलो आणि "नेटवर्क बघतो" म्हणून बाजूला गेलो. करायचं काय होतं ते अगदी साधं होतं. अण्णांना फोन लावायचा आणि म्हणायचं, तीन नंबर आत्ता बंद करा, स्विचला वायर आहे, मी लावली, काढायची राहिली. एवढंच. वीस सेकंदांचं काम. अण्णांचं नाव मी स्क्रीनवर आणलं. आणि मला दिसला तो ऑगस्टमधला दिवस, हातात वायर धरून बोलणारा मी, आणि भिंतीवरचा तो 'कुणीही'. अण्णा काही बोलणार नाहीत. ते फक्त सूचनेच्या कागदाकडे बघतील. श्रीवत्स तर हसेलही. मी अण्णांचं नाव स्क्रीनवरून काढलं आणि देवाप्पाला फोन लावला.

तिसऱ्या वेळेला त्यानं उचलला. मागे प्रेसचा आवाज नव्हता, म्हणजे मध्येच थांबला होता.

"सायेब, दसऱ्याचा नमस्कार. फिराय गेलासा न्हवं? थंडी हाय काय तिकडं?"

"देवाप्पा, तीन नंबर थांबवा."

"का वो?"

का. आता इथं खरं बोललो असतो तरी चाललं असतं. देवाप्पा कुणाला सांगणारा माणूस नाही. वायर आहे, हात घालू नका, एवढं त्याला म्हटलं असतं तर त्यानं पाय उचलून मागे घेतला असता, चोवीस वर्षं घेत होता तसा. पण त्याच्यासमोर मी साहेब होतो. त्याला मी दाराचं महत्त्व शिकवलं होतं.

"क्लचचा आवाज येत होता काल," मी म्हणालो. "मी येऊन बघतो. तोवर चालवू नका."

"आवाज? मला न्हाई आला." "मालक हितंच हायेत. सांगू काय त्यास्नी?"

"नको. मी बोलतो अण्णांशी. माझा फोन येईपर्यंत थांबा."

"बरं सायेब. थांबतो की."

घड्याळात दहा चाळीस झाले होते. इथून माझी चाळीस मिनिटं सुरू झाली.

काम झालं होतं. प्रेस थांबली होती आणि देवाप्पा शब्दाचा पक्का माणूस. अण्णांना फोन करायचाच होता, पण त्यांना क्लचचं सांगितलं तर ते लगेच इलेक्ट्रिशियनला बोलावतील, तो आधी पॅनेल उघडेल. त्यापेक्षा जेवून निघालो तर संध्याकाळी सहापर्यंत पीण्यात, स्वतः वायर काढायची, क्लचला दोन थेंब तेल, आणि म्हणायचं, झालं. अण्णांना फोन निघताना करावा. तोवर देवाप्पा बसेल, नाही तरी सणाचा दिवस आहे, बिडी ओढेल. हे सगळं डोक्यात इतकं चपखल बसलं की मी शिट्टी वाजवली. सुनंदानं वळून बघितलं. लग्नाला बारा वर्षं झाली, तिनं माझी शिट्टी ऐकलेली नव्हती.

आम्ही तळ्याला चक्कर मारली. सिद्धीनं भाड्याची सायकल घेतली आणि आमच्या पुढे-मागे घंटी वाजवत राहिली. तिखट-मीठ लावलेला अननस खाल्ला. ऊन कोवळं होतं, पाण्यावरून वारा येत होता. सुनंदानं माझ्या दंडात हात घातला आणि म्हणाली, "तू असा असतोस हे मला माहीतच नव्हतं." मी म्हणालो, आपण दर वर्षी येऊ. मनापासून म्हणालो. डोंगराच्या खांद्यावर एक ढग अडकला होता, तो दाखवत मी सिद्धीला सांगितलं की तो आपलं पाणी तळ्यातनं भरून घेतोय, आणि तिनं विश्वास ठेवला. एका अनोळखी बाईला फोन देऊन आम्ही तिघांचा फोटो काढून घेतला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात मी जितका आनंदी दिसतो तितका दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही, लग्नाच्यासुद्धा.

दोनदा फोन बाहेर काढला. अण्णांचं नाव बघितलं आणि परत खिशात टाकला. निघताना करू.

अकरा वीसला तेच नाव वाजलं. पहिल्यांदा मी उचलला नाही. वाजून वाजून थांबला, मी तळ्याकडे बघत उभा राहिलो. मनात म्हटलं, अण्णा विचारणार, देवाप्पाला का बसवून ठेवलंत. काय सांगायचं ते जुळवत होतो. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"उल्हास." अण्णांचा आवाज एखाद्या लहान मुलासारखा झाला होता. "देवाप्पाचा हात गेला."

मी काहीतरी विचारलं असणार. ते म्हणाले, उजवा, चार बोटं, अंगठा राहिला. गाडीत घालून हॉस्पिटलला आणलंय. बोटं बर्फात घेतली होती, पण डॉक्टरनं बघून मान हलवली. तुम्ही या.

परतीच्या रस्त्यावर सिद्धी मागे झोपली. सेलम सोडल्यावर सुनंदानं हळूच विचारलं, "काल निघताना तू त्या मशिनच्या मागे काय करत होतास?" मी म्हणालो, पॅनेल बंद करत होतो. "आणि आज होडीत फोन बघितल्यावर तुझा चेहरा तसा का झाला होता?" मी पुढच्या ट्रकला ओव्हरटेक केलं. पुढचे चार तास आम्ही एकमेकांशी फक्त पाण्याच्या बाटलीपुरतं बोललो.

साडेसहाला पोचलो. सुनंदा सिद्धीला घेऊन गाडीतच थांबली. देवाप्पा वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर होता. नवा पांढरा शर्ट कापून काढला होता, हात कोपरापर्यंत बांधलेला. औषधानं डोळे जड झाले होते, पण मला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. साहेब आले म्हणून. मी त्याला खांद्याला धरून झोपवलं.

"सायेब, म्या थांबलो हुतो," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, हजेरी दिल्यासारखं बोलत होता. "तुमचा फोन येनार म्हणून स्टुलावर बसलो. मालकांनी इचारलं, का रं थांबलास. म्हटलं सायबांचा फोन येनार हाय. तेबी थांबले. धा-पंधरा मिन्टं थांबले बगा. मग म्हटले, उल्हास बायकापोरांत हाय, इसरला आसंल, मुहूर्ताचं काम आर्धं ठेवू नये. म्हणून चालू केली."

मी मान हलवली.

"दार उघडं हुतं, सायेब." तो माझ्याकडे बघत होता. "म्या उघडं करूनच हात घाटला. पाय हुता तितंच, तुम्ही सांगिटल्यागत. उघड्या दारात कशी आली वो खाली? तुम्ही म्हटला हुतासा, येत न्हाई म्हणून."

"बघतो मी," मी म्हणालो. "बघतो काय झालंय ते."

"तेवढं बगा," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मी उठलो तर न उघडताच पुन्हा म्हणाला, "क्लचनं आसं होत न्हाई, सायेब."

बाहेर बाकावर अण्णा बसले होते. धोतरावर रक्ताचे डाग वाळून काळे पडले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी खिशातून एक पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. कागदात लाल वायर होती, वीतभर.

"इलेक्ट्रिशियनला दुपारी नेऊन पॅनेल उघडलं. आत ही होती." मग त्यांनी सरळ विचारलं, "काल लिंबासाठी तुम्ही काहीतरी केलं होतंत ना, उल्हास? ही तीच का?"

त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता. आशा होती. मी 'हो' म्हणावं, अशी त्यांना आशा होती, हे मला नंतर कळलं. कारण मी हो म्हटलं असतं तर ती चूक ठरली असती, सणाच्या घाईत झालेली, आणि निम्मी त्यांच्या हट्टाची. त्यांनी माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं असतं. मी नाही म्हटलं तर काय उरत होतं, ते त्यांना माझ्याआधी दिसलं होतं.

"ती मी तेव्हाच काढली होती," मी म्हणालो. "निघायच्या आधी."

"नक्की?"

"अण्णा, मी विसरेन का? मी?"

ते "सरी" म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये 'बरं'. फक्त तेवढंच. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि फोन उचलला. कुणाला लावतायत ते मला कळलं होतं. मी त्यांचा हात धरू शकलो असतो. बाकावर आमच्यामध्ये एका माणसाइतकंही अंतर नव्हतं.

पलीकडून श्रीवत्सचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "मामा, देवाप्पा कसे आहेत? मी निघालोय, रक्त लागणार असेल तर माझं चालेल."

"श्रीवत्स," अण्णा म्हणाले, "काल पूजेला तू प्रेसच्या मागं गेला होतास?"

मग मला नुसते तुकडे ऐकू आले. नाही मामा. देवाशपथ. अम्माची शपथ. अण्णा ऐकत होते. शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुम्ही बोला. माझ्यानं नाही होत. पोलीस उद्या शेडला येणार आहेत, ते त्याला सांगा."

मी फोन घेतला आणि माझं नाव सांगितलं.

"सर, बरं झालं तुम्ही आहात तिथं," श्रीवत्स म्हणाला. तो रडत होता. "मामांना सांगा ना. मी ऑगस्टमध्ये चूक केली, मान्य आहे, पण काल मी त्या पॅनेलला हात लावला नाही. तुम्ही शेवटपर्यंत तिथंच होतात. तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील."

वॉर्डाचं दार अर्धवट उघडं होतं. आतून देवाप्पा माझ्याकडे बघत होता, झोपला नव्हता.

"काय असेल ते उद्या पोलिसांना सांग, श्रीवत्स," मी म्हणालो, आणि फोन अण्णांना परत दिला.